प्रलयपटांचे आकर्षण

दिवसभर कचेरीत टंचाई, तक्रारी आणि अपुरी अनुदाने यांच्याशी झगडून घरी परतलेला सुशिक्षित मनुष्य रात्री पैसे मोजून जगाचा अंत पाहावयास बसतो, ही गोष्ट दिसते तितकी साधी नाही. पडद्यावर शहरे ओस पडलेली असतात. पाण्याच्या घोटासाठी माणूस माणसाच्या जिवावर उठलेला असतो. राज्य म्हणून ज्यास ओळखावे असे काही उरलेले नसते, आणि उरलेच असेल तर ते रक्षणकर्ते राहिलेले नसते. अशा चित्रांना इंग्रजीत 'डिस्टोपियन' हे विशेषण लावतात. रामराज्याची जी कल्पना आपल्या मनात परंपरेने वसत आली आहे, तिची ही नेमकी उलटी बाजू होय. या जातीच्या चित्रपटांना आम्ही येथे सोयीसाठी 'प्रलयपट' म्हणू. ते लोकांना का आवडतात, या प्रश्नाची जी उत्तरे सामान्यतः दिली जातात ती आम्हांस खोटी वाटत नाहीत. परंतु अपुरी मात्र वाटतात.

पहिले उत्तर जुने आणि प्रतिष्ठित आहे. शोकांतिकेने भय व करुणा जागी होऊन त्यांचा निचरा होतो, हे ॲरिस्टॉटलचे मत सर्वश्रुतच आहे. आपल्याकडे १९२१ साली बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी वाङ्मयानंदाची मीमांसा करताना 'सविकल्प समाधी'ची उपपत्ती मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी तादात्म्य पावतो, पण स्वतःचे स्वत्व विसरत नाही. या दुहेरी अवस्थेतच आनंद आहे, असा तिचा आशय. ही उपपत्ती प्रलयपटास लावावयाची, तर असे म्हणता येईल की प्रेक्षक मनाने उद्ध्वस्त नगरीत हिंडतो, परंतु देहाने मऊ खुर्चीत सुरक्षित असतो, आणि म्हणून त्यास भयाचाही आस्वाद घेता येतो.

हे खरे असले तरी २०२० सालच्या अनुभवाने या उत्तरास मोठीच भेग पाडली. त्या वर्षाच्या आरंभी महासाथ जगभर पसरू लागली, तेव्हा स्टीव्हन सोडरबर्ग यांचा 'कंटेजन' हा २०११ सालचा, साथीच्याच विषयावरील चित्रपट लोकांनी शोधून शोधून पुन्हा पाहिला. त्या वेळी खुर्ची सुरक्षित नव्हती. पडद्यावरचे संकट उंबरठ्यापाशी येऊन ठेपले होते. निव्वळ सुरक्षित अंतर हेच आनंदाचे कारण असते, तर त्या दिवसांत लोकांनी विनोदी चित्रपटांखेरीज दुसरे काही पाहिले नसते. आणि 'कंटेजन'मध्ये पाहावयाचे तरी काय होते? सार्वजनिक आरोग्य खात्यातील माणसे रुग्णांच्या याद्या करतात, संपर्काचा माग काढतात, एक डॉक्टरीण हे काम करता करता स्वतःच साथीस बळी पडते, आणि शेवटी लस कोणास आधी द्यावयाची हे जन्मतारखांची सोडत काढून ठरते. भयभीत लोक जे पाहू इच्छीत होते ते मरण नव्हे. मरणाच्या गर्दीतही कोणीतरी आपले काम करीत आहे, हे त्यांना पाहावयाचे होते.

दुसरे उत्तर असे की, विनाशाचे दृश्य मुळातच डोळ्यांना सुखवते. सुसान सोंटाग यांनी १९६५ सालच्या एका निबंधात प्रतिपादन केले होते की, विज्ञानपटांचा खरा विषय विज्ञान नसून उत्पात हाच असतो. गगनचुंबी इमारत कोसळताना पाहण्यात एक रानटी सुख आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते सुख घटकाभराचे. केवळ त्यावर विसंबलेले चित्रपट दुसऱ्या दिवशी आठवतही नाहीत.

तिसरे उत्तर ऐतिहासिक आहे, आणि त्यात तथ्यांश अधिक आहे. प्रत्येक काळ आपली चिंता या पडद्यावर टाकतो. नेव्हिल शूट यांच्या कादंबरीवरून स्टॅन्ली क्रेमर यांनी १९५९ साली 'ऑन द बीच' काढला, तेव्हा अणुयुद्धाची भीती घरोघर होती. ऑस्ट्रेलियातील जॉर्ज मिलर हे मूळचे डॉक्टर. सिडनीच्या रुग्णालयात त्यांनी अपघातांतील जखमी पाहिले होते, आणि १९७३ च्या तेलटंचाईत लोक कसे वागले हे त्यांचे सहलेखक जेम्स मॅककॉसलंड यांच्या ध्यानात राहिले होते. त्यांतून १९७९ चा 'मॅड मॅक्स' निघाला. जपानचे किंजी फुकासाकू १९४५ साली पंधरा वर्षांचे असताना शस्त्रांच्या कारखान्यात कामास होते. तोफांच्या माऱ्यात मेलेल्या सोबत्यांची प्रेते त्यांना उचलावी लागली. त्यांनीच सत्तराव्या वर्षी, २००० साली, 'बॅटल रॉयल' काढला. त्यात सरकारच कायदा करून शाळेतील मुलांना एकमेकांचे जीव घ्यावयास लावते. 'द हंगर गेम्स'ची कल्पना सुझॅन कॉलिन्स यांना दूरचित्रवाणीवर स्पर्धांचे कार्यक्रम आणि इराक युद्धाची दृश्ये आलटून पालटून पाहताना सुचली.

या चित्रपटांची माळ ओवली असता शासनव्यवहारात आयुष्य घालविणाऱ्या वाचकांच्या नजरेतून एक गोष्ट सुटणार नाही. १९५९ च्या चित्रात राज्य शेवटच्या दिवसापर्यंत शाबूत आहे. किरणोत्सर्ग जवळ येत असताना नागरिक रांगेत उभे राहून सुखाने मरण्याच्या गोळ्या घेतात. १९७९ मध्ये पोलीस आहेत, पण त्यांची कचेरी मोडकळीस आली आहे. १९८१ च्या 'मॅड मॅक्स २' मध्ये राज्य नाहीसेच झाले आहे. आणि २००० पासून पुढे राज्य पुन्हा उभे राहिले आहे, पण मारेकरी म्हणून. चाळीस वर्षांत प्रेक्षकाचा शासनावरील विश्वास कोठून कोठे आला, याचा हा आलेख आहे. तथापि ऑस्ट्रेलियातील तेलटंचाई किंवा जपानी कारखाना यांची गंधवार्ता नसलेल्या नागपूरच्या वा भोपाळच्या तरुणासही ही चित्रे खिळवून ठेवतात. तेव्हा काळाची चिंता हेही कारण पुरे पडत नाही.

आमच्या मते मूळ कारण दुहेरी आहे. पहिला भाग वस्तूंविषयीचा. भरल्या घरात वस्तू दिसेनाशा होतात. नळ सोडला की पाणी येते, म्हणून पाणी हे आपल्या लेखी काहीच नसते. प्रलयपट सारे काढून घेतो आणि मग एकेक वस्तू परत हाती ठेवतो. 'द रोड' या २००९ च्या चित्रात, राखेने झाकलेल्या जगात एका बापास कोका-कोलाचा एक डबा सापडतो. असले पेय मुलाने जन्मात चाखलेले नाही. बाप तो डबा मुलास देतो, आणि मुलगा त्यालाही घोट घ्यावयास लावतो. ज्या वस्तूकडे एरव्ही आपण ढुंकूनही पाहणार नाही, ती त्या दोन मिनिटांत नैवेद्यासारखी पवित्र होते. रॉबिन्सन क्रूसो फुटक्या गलबतावरून एकेक जिन्नस किनाऱ्यावर आणून मांडतो, ते वाचताना १७१९ पासून वाचकांस जो आनंद होत आला आहे, तोच हा. हा आनंद विनाशाचा नसून मोजदादीचा आहे, आणि प्रेक्षक घरी परततो तो आपल्या नळाकडे, दिव्याकडे नव्या नजरेने पाहत.

दुसरा भाग माणसाविषयीचा, आणि तो अधिक खोल आहे. आपण सारे पदाने, शिक्क्याने आणि स्वाक्षरीने ओळखले जातो. हे सारे गळून पडले तर 'मी' म्हणून काय उरेल, ही शंका प्रत्येकाच्या मनाच्या तळाशी असते. सेवानिवृत्ती जवळ आली म्हणजे ती वर येते. प्रलयपट तिला मूर्त रूप देतो. याचे सर्वोत्तम उदाहरण म्हणून आम्ही आल्फोन्सो क्वारोन यांच्या 'चिल्ड्रन ऑफ मेन' या २००६ च्या चित्रपटाचे नाव घेऊ. ज्या कादंबरीवर तो आधारलेला आहे तिच्या लेखिका पी. डी. जेम्स यांनी ब्रिटनच्या गृहखात्यात अनेक वर्षे नोकरी केली होती. त्यांचा नायक इतिहासाचा प्राध्यापक आहे. चित्रपटात मात्र तो ऊर्जा मंत्रालयातील एक साधा कर्मचारी झाला आहे.

काळ २०२७. अठरा वर्षांत पृथ्वीवर एकही मूल जन्मलेले नाही. निर्वासितांना पिंजऱ्यांत कोंडले जात आहे. थिओ फॅरन कचेरीत जातो, चहाकॉफी घेतो, आणि कशानेच हलत नाही. त्याचा एक आप्त मोठ्या पदावर असून जगातील कलाकृती वाचवून संग्रही ठेवीत आहे. पिकासोच्या प्रचंड चित्राखाली बसून तो भोजन करतो. शंभर वर्षांनी या कलाकृती पाहावयास कोणी उरणार नाही, मग कशासाठी हे, असे थिओ विचारतो. आपण तो विचारच करीत नाही, असे उत्तर त्याला मिळते. कलेच्या रक्षणावर याहून बोचरे भाष्य आम्ही पाहिलेले नाही. पुढे एका निर्वासित तरुणीसाठी प्रवासाचा परवाना मिळवून देण्याचे काम थिओ पैशासाठी पत्करतो. परवाना मिळतो तो दोघांचा मिळून, म्हणून त्यास तिच्याबरोबर निघावे लागते. आणि मग कळते की ती गर्भवती आहे.

एका कागदापायी गळ्यात पडलेले काम हळूहळू कर्तव्य होते, आणि कर्तव्य जीवितकार्य होते. हे स्थित्यंतर कोठेही भाषण न करता दाखविले आहे. थिओ सबंध चित्रपटात एकदाही बंदूक चालवीत नाही. पायांत धड जोडाही नसताना तो चालत राहतो. अखेरीस रणधुमाळीत नवजात अर्भकाचा आवाज ऐकून दोन्ही बाजूंच्या बंदुका थबकतात, सैनिक वाट देतात. आणि माता पुढे जाताच गोळीबार पुन्हा सुरू होतो. त्या क्षणभराच्या शांततेसाठीच प्रेक्षक दीड तास थांबलेला असतो.

आपल्या वाचकांना येथे महाभारतातील मौसलपर्वाची आठवण झाल्याखेरीज राहणार नाही. यादवकुळाचा नाश झाला, द्वारका समुद्रात बुडाली, आणि उरलेल्या स्त्रिया-मुलांना घेऊन अर्जुन निघाला. वाटेत आभीरांनी नुसत्या काठ्यांनिशी त्यास लुटले. गांडीव त्याच्याने धड ओढवेना, अस्त्रे आठवेनात. महाभारतातील अर्जुन किती ठिकाणी विजयी आहे! परंतु सामर्थ्य ओसरल्यावरही उरलेल्यांना इंद्रप्रस्थापर्यंत पोचविणारा आणि बाल वज्रास तेथे स्थापणारा हा थकलेला अर्जुन आम्हांस माणूस म्हणून अधिक जवळचा वाटतो. थिओ त्याच वाटेचा वाटसरू आहे. सर्व काढून घेतल्यावर माणसात काय उरते, याचे उत्तर दोन्ही ठिकाणी एकच: दुसऱ्यास पोचविण्याची जबाबदारी.

पण सारेच प्रलयपट हे उत्तर देत नाहीत, आणि येथेच या आवडीची दुसरी बाजू विचारात घ्यावी लागते. बहुसंख्य चित्रे प्रेक्षकाची खुशामत करतात. शेजारी हा लांडगा आहे, जमाव हा पशू आहे, आणि तूच तेवढा शहाणा व सशस्त्र असल्यामुळे वाचणार आहेस, असे ती त्याच्या कानात सांगतात. हे चित्र वस्तुस्थितीस धरून आहे काय? २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शेकडो माणसे दगावली, लाखो अडकून पडली. त्या रात्री अनोळखी लोकांनी अनोळखी लोकांना घरांत घेतले, हातांची साखळी करून पाण्यातून पार केले, चहा-बिस्किटे वाटली. त्यानंतर महिनाभराने, २९ ऑगस्टला, अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहर 'कॅटरीना' वादळाने बुडाले. तेथेही लोकांनी होड्या काढून शेजाऱ्यांना वाचविले. परंतु वृत्तांतून खून व अत्याचार यांच्या ज्या भयंकर कथा पसरल्या, त्यांतील बहुतेक पुढे निराधार ठरल्या. मधल्या काळात त्या कथांचा परिणाम मात्र होऊन गेला. संकटग्रस्तांकडे गुन्हेगार म्हणून पाहिले जाऊ लागले. आणि ४ सप्टेंबरला डॅन्झिगर पुलावर पोलिसांच्या गोळ्यांनी दोन निःशस्त्र नागरिक ठार झाले व चार जखमी झाले.

जनता संकटात पशू होते अशी ज्याची समजूत आहे, तो संकटाच्या वेळी अन्नाच्या आधी बंदूक पाठवितो. ज्यांच्या एका स्वाक्षरीवर पुरात, दुष्काळात, भूकंपात मदतीची वाट ठरते, अशा वाचकांपाशी ही गोष्ट अधिक विस्ताराने मांडण्याचे कारण नाही. चित्रपट हा करमणुकीचा विषय खरा. पण मनात साठलेली चित्रेच आणीबाणीच्या क्षणी मनुष्याचा हात हलवितात.

म्हणून प्रलयपटाची पारख करताना आम्ही एकच प्रश्न विचारू: शेवटी नायकाच्या हाती काय उरते? केवळ स्वतःचा जीव उरत असेल, तर ते चित्र कितीही नेत्रदीपक असो, त्याने आपल्या भयास खतपाणी घातले आहे. मिलर यांचे स्वतःचेच उदाहरण पाहा. 'मॅड मॅक्स' मालेचा आरंभ सूडाने झाला. २०१५ च्या 'फ्युरी रोड'पर्यंत येता येता तिची दिशा पालटली. जुलमी सत्ताधीश उंच कड्यावरून घटकाभर पाणी सोडतो, आणि खाली जमलेल्या तहानलेल्यांना, पाण्याची चटक लावून घेऊ नका, असा उपदेश करतो. फ्युरिओसा त्याच्या अंतःपुरातील स्त्रियांना घेऊन हिरव्या भूमीच्या शोधात पळते. ती भूमी नष्ट झाल्याचे कळल्यावर, पुढचे निर्जन रण ओलांडून आणखी दूर जाण्याऐवजी ती माघारी वळते. जेथे पाणी आहे तेथेच परतून ते सर्वांसाठी खुले करावयाचे, असा निर्णय होतो. अखेरच्या दृश्यात कड्यावरच्या स्त्रिया पाण्याचे दार उघडतात, आणि खाली हजारो लोक आपापली भांडी वर धरतात. प्रलयपटाच्या प्रेक्षकास अंतर्यामी हेच दृश्य हवे असते, अशी आमची धारणा आहे.