अन्नसाखळीच्या चित्रात न काढलेले बाण

पाणी, प्राणिप्लवक, लहान मासे, मोठे मासे आणि सर्वांत वर मासे खाणारा पक्षी. जैविक विशालन शिकवताना फळ्यावर काढली जाणारी ही उतरंड बहुतेक शिक्षकांना तोंडपाठ असते. तिच्याशेजारचे डीडीटीचे आकडेही ठरलेले आहेत. पाण्यात ०.००३ पीपीबी, प्राणिप्लवकांत ०.०४ पीपीएम, लहान माशांत ०.५, मोठ्या माशांत २ आणि पक्ष्यांत २५ पीपीएम. एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातील पर्यावरणीय समस्यांच्या प्रकरणात हे चित्र होते. २०२२ च्या अभ्यासक्रम-कपातीत ते प्रकरण वगळले गेले. तरी मार्गदर्शिका, वह्या आणि परीक्षा यांतून चित्र फिरतच आहे. प्रदूषकांच्या वर्तनाविषयी विद्यार्थ्याच्या मनात जे एकमेव प्रतिमान तयार होते, ते बहुधा याच चित्रातून. म्हणून त्याची परीक्षा घेणे योग्य ठरेल.

प्रथम चित्राचे श्रेय मान्य करू. त्यामागे खरे मोजमाप आहे. वुडवेल, वुर्स्टर आणि आयझॅक्सन या तिघांनी अमेरिकेतील लाँग आयलंडच्या किनाऱ्यावरील खाऱ्या दलदलीतील जीवांमध्ये डीडीटी व त्याचे अवशेष मोजले आणि १९६७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्लवकांत ०.०४ पीपीएम, तर एका कुरव पक्ष्यात ७५ पीपीएम. अन्नसाखळीच्या खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत हजार पटींहून अधिक वाढ होते, हे इतक्या स्पष्टपणे दिसल्यामुळे डीडीटीविषयीच्या सार्वजनिक वादाला वेगळे वळण लागले. तेव्हा चित्र खोटे नाही. प्रश्न आहे तो चित्राखाली आपण सांगत असलेल्या कारणाचा.

वर्गात सहसा असे सांगितले जाते: लहान मासा पुष्कळ प्लवक खातो, मोठा मासा पुष्कळ लहान मासे खातो, पक्षी पुष्कळ मोठे मासे खातो, म्हणून विष साचत जाते. हे स्पष्टीकरण ऐकायला सोपे आहे, पण ते चित्रातल्याच आकड्यांपुढे टिकत नाही. विद्यार्थ्यांना एक साधा भागाकार करायला सांगावा. ०.००३ पीपीबी म्हणजे ०.०००००३ पीपीएम. तेथून प्लवकांच्या ०.०४ पीपीएमपर्यंतची वाढ सुमारे १३,००० पट आहे. पुढच्या तीन पायऱ्यांवर वाढ अनुक्रमे १२.५, ४ आणि १२.५ पट, म्हणजे तिन्ही मिळून ६२५ पट. एकूण वाढ सुमारे ८३ लाख पट. याचा अर्थ, ज्या ‘खाण्या’मुळे सारे घडते असे आपण सांगतो, त्याच्या वाट्याला ६२५ पट येतात, आणि पहिल्या पायरीवरच्या १३,००० पटींबद्दल चित्र काहीच बोलत नाही. प्लवक काही पाणी ‘खात’ नाहीत.

शिवाय पुष्कळ खाल्ल्याने पदार्थ साचतो हे विधानच अपुरे आहे. माणूस आयुष्यभरात कितीतरी क्विंटल मीठ खातो, असे म्हटले तर हिशेबात थोडी अतिशयोक्ती होईल, पण रोजचे ८-१० ग्रॅम धरले तरी ५० वर्षांत दीड क्विंटलच्या आसपास मीठ पोटात जाते. ते साचत नाही, कारण तितकेच बाहेर पडते. साठा हा आवक आणि जावक यांच्या फरकातून ठरतो. पाठ्यपुस्तकातले मूळ वाक्य याबाबत वर्गातल्या स्पष्टीकरणाहून बरे आहे. विषारी पदार्थाचे चयापचयाने विघटन होत नाही किंवा तो उत्सर्जित होत नाही म्हणून साचतो, असे ते सांगते. पण तेही ‘होत नाही’ असे म्हणून थांबते. किती होते, कोणत्या वाटेने होते आणि प्रत्येक प्राण्यात सारखेच होते का, हे प्रश्न तिथेच संपतात. वस्तुतः पर्यावरण-रसायनशास्त्र तिथून सुरू होते.

पहिल्या पायरीचे कोडे सोडवायला स्वयंपाकघरात डोकावावे. आमटीवर जो तेलाचा तवंग येतो त्यात हळदीचा आणि तिखटाचा रंग खालच्या पाण्यापेक्षा कितीतरी गडद असतो. ते रंग पाण्यापेक्षा तेलात अधिक विरघळतात. डीडीटीचे तसेच आहे, फक्त प्रमाण विलक्षण आहे. रसायनशास्त्रज्ञ हा कल मोजण्यासाठी ऑक्टॅनॉल हे अल्कोहोल मेदाच्या जागी वापरतात. एखादा पदार्थ पाणी आणि ऑक्टॅनॉल यांच्यात वाटला गेला की ऑक्टॅनॉलमधील संहतीला पाण्यातील संहतीने भागायचे. डीडीटीसाठी हा वितरण गुणांक दहा लाखांहून अधिक आहे. आता समजा, प्लवकाच्या शरीरात एक टक्का मेद आहे. दहा लाखांचा एक टक्का म्हणजे दहा हजार. केवळ पाणी आणि मेद यांच्यातील वाटणीमुळे प्लवकात पाण्याच्या दहा हजार पट डीडीटी असावे, असा अंदाज निघतो. चित्रातला आकडा १३,००० आहे. हा मेळ काटेकोर मानू नये. इतक्या विरळ पाण्यात डीडीटी खरोखर विरघळलेले किती आणि तरंगत्या कणांना चिकटलेले किती, हे वेगळे करणे अवघड असते. पण अंदाजाची पातळी बरोबर आहे, आणि तो अंदाज कोणीही कोणालाही न खाता आला आहे.

ही वाटणी हिशेबात बसवण्याचे काम कॅनडातील टोरांटो विद्यापीठाचे डोनाल्ड मॅके यांनी केले. १९०१ साली गिल्बर्ट लुईस यांनी उष्मागतिकीत ‘फ्युगॅसिटी’ ही संकल्पना आणली होती. एखाद्या पदार्थाची तो आहे तेथून निसटण्याची ओढ, असा तिचा अर्थ. मॅके यांनी १९७९ साली हीच कल्पना प्रदूषकांना लावली. तापमानाशी तुलना केली तर ती लवकर समजते. लोखंडाचा गोळा आणि बादलीभर पाणी एकाच तापमानाला असले तरी त्यांत साठलेली उष्णता सारखी नसते. तसेच हवा, पाणी, गाळ आणि माशाचा मेद यांत प्रदूषकाची फ्युगॅसिटी सारखी झाली तरी त्यांतील संहती लाखो पटींनी वेगळ्या असू शकतात. उष्णता गरमाकडून थंडाकडे जाते; प्रदूषक जास्त फ्युगॅसिटीकडून कमीकडे जाते. मग प्लवकात संहती १३,००० पट झाली यात काही नवल उरत नाही. पाणी आणि प्लवक यांचा फक्त समतोल झालेला असतो.

खरे नवल पुढच्या पायऱ्यांवर आहे. समतोलच साधायचा तर तो साधल्यावर वाढ थांबायला हवी. ६२५ पटींपैकी काही भाग प्राण्यांच्या शरीरातील मेदाचे प्रमाण निराळे असल्यामुळे दिसतो. तो वजा करण्यासाठी संहती दर ग्रॅम मेदामागे मांडावी लागते. तरीही वाढ शिल्लक राहते. म्हणजे वरच्या प्राण्यात फ्युगॅसिटीच वाढते, जणू उष्णता थंडाकडून गरमाकडे चालली आहे. याचे उत्तर फ्रँक गोबास आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पचनावरील प्रयोगांतून मिळाले. अन्न पचताना त्यातील मेद आतड्यातून शोषला जातो, पण डीडीटी पचत नाही. रेल्वेच्या डब्यातली बाकडी एकेक करून काढून नेली आणि प्रवासी तेवढेच राहिले तर ते शेजारच्या डब्यात शिरू पाहणारच. मेद कमी झालेल्या अन्नात डीडीटीची निसटण्याची ओढ वाढते आणि ते आतड्याच्या भिंतीतून शरीरात ढकलले जाते. तेव्हा विशालनाचे कारण पुष्कळ खाणे एवढेच नसून खाल्लेले पचवणे हे आहे. अर्थात, आत आलेले तितक्याच वेगाने बाहेर पडत नसेल तरच.

‘बाहेर पडणे’ हाच चित्रातला सर्वांत मोठा अभाव आहे. तेथील सर्व बाण वर जातात. एकही बाहेर जात नाही. माशाच्या कल्ल्यांतून अखंड पाणी वाहत असते आणि पाण्यात थोडाफार विरघळणारा पदार्थ त्या वाटेने निघून जातो. पक्षी, गाय आणि माणूस यांना ती वाट नाही. त्यांची श्वसनाची देवघेव हवेशी आहे, म्हणून पदार्थाला उडून जावे लागते. जो पदार्थ पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो पण हवेत सहज उडत नाही, तो माशातून सुटतो आणि सस्तन प्राण्यात अडकतो. लाँग आयलंडच्या मोजमापांत पक्ष्यांतील डीडीटी माशांच्या १० ते १०० पट होते, यामागेही उत्सर्जनाच्या वाटांतील हा फरक आहेच. आपल्या चित्रात मात्र पक्षी म्हणजे जणू आणखी एक मोठा मासा.

हा केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा मुद्दा नाही. २००१ च्या स्टॉकहोम करारात जैवसंचयाचे जे संख्यात्मक निकष घातले गेले, ते जलचरांतील संचय ५,००० पटींहून अधिक किंवा ऑक्टॅनॉल-पाणी गुणांकाचा लॉगरिदम ५ हून अधिक, असे आहेत. इतर पुराव्यांनाही करारात जागा आहे, पण आकड्यांची चाळणी माशावरून बेतलेली आहे. २००७ साली केली, गोबास व सहकाऱ्यांनी कॅनडाच्या आर्क्टिक भागातील अन्नजाळ्यांचा अभ्यास करून दाखवले की, या चाळणीतून सुटणारे पदार्थ हवेत श्वास घेणाऱ्या प्राण्यांत जोरात साचू शकतात. व्यापारी वापरातील सेंद्रिय रसायनांपैकी सुमारे एक तृतीयांश रसायनांचे गुणधर्म या प्रकारचे आहेत, असे त्यांनी नोंदवले. त्यांचे ठळक उदाहरण बीटा-एचसीएच हे होते. त्याचा लॉगरिदम ३.८ च्या आसपास, म्हणजे निकषाहून कमी. आपल्याकडे शेतात आणि घरात वापरली गेलेली बीएचसी पावडर आठवत असेल, तर हा तिच्यातलाच एक घटक, आणि सर्वांत टिकाऊ. भारताने १९९७ साली बीएचसीवर बंदी घातली. बीटा-एचसीएच करारात २००९ साली आले. केवळ मासे तपासून कोणी निर्धास्त राहिले असते, तर माणसातला साठा त्याच्या नजरेतून निसटला असता.

उलट दिशेनेही चूक होते. गिधाडांचे उदाहरण याच चित्राखाली देण्याचा मोह होतो, कारण तेथेही रसायन आहे, अन्नसाखळी आहे आणि वर पक्षी आहे. परंतु डायक्लोफेनॅक साचत नाही. ते गुरांच्या शरीरातून काही दिवसांत निघून जाते. औषध दिल्यावर लगेच मेलेल्या जनावराचे मांस खाल्ले तर एकाच जेवणाने गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. २००४ साली हे कारण उघड झाले, त्याच वर्षी एका गणिती प्रतिमानाने दाखवले की, शंभरातील एकाहून कमी मृत जनावरांत घातक मात्रा असली तरी गिधाडांची झालेली घट समजावता येते. भारताने २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. हे विशालन समजून कोणी वर्षानुवर्षांच्या साठ्याचा शोध घेत बसले असते, तर उपाय हाती लागला नसता.

फ्युगॅसिटीच्या प्रतिमानालाही मर्यादा आहेत, त्या सांगितल्या नाहीत तर ही टीका एकांगी होईल. मिनामाताचा मिथिल पारा माशांत व माणसांत भयंकर प्रमाणात साचला, पण मेदात विरघळून नव्हे. तो प्रथिनांतील गंधकाशी जखडला जातो. तेथे ऑक्टॅनॉलचा गुणांक वाट दाखवत नाही. म्हणजे ‘मेदात विरघळते म्हणून साचते’ हे सूत्रही घोकण्याजोगे नाही. आवक आणि जावक यांचा हिशेब मात्र पाऱ्यालाही लागू पडतो.

म्हणून चित्र फळ्यावरून पुसण्याचे कारण नाही. त्यात दुरुस्ती करावी. प्रत्येक प्राण्याकडे दोन बाण यावेत, एक अन्नातून आणि एक पाण्यातून किंवा हवेतून. प्रत्येक प्राण्यातून बाहेर जाणारे बाणही असावेत: कल्ले किंवा फुप्फुसे, विष्ठा-मूत्र, शरीरातील विघटन, आणि मादीच्या बाबतीत अंडी किंवा दूध. मग डीडीटी, बीटा-एचसीएच, मिथिल पारा आणि डायक्लोफेनॅक ही चार नावे देऊन, प्रत्येकासाठी कोणता बाण जाड आणि कोणता बारीक काढायचा हे विद्यार्थ्यांना ठरवू द्यावे. चार चित्रे निराळी निघाली पाहिजेत. ती निराळी निघाली, तर उद्या वर्तमानपत्रात एखाद्या नव्या रसायनाचे नाव वाचल्यावर त्याचा बाहेरचा बाण कुठे आहे, हा प्रश्न विद्यार्थी आपण होऊन विचारील.