धोटा कोणाच्या तोंडाला?

गिरणगाव संपले आणि मग गिरणगावाविषयी लिहिणे भरात आले. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यातले बहुसंख्य पुन्हा कामावर चढलेच नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी बाजारात आणण्याची वाट मोकळी केली, २००१ च्या दुरुस्तीने ती रुंद केली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. लालबाग, परळ, वरळी, काळाचौकी या पट्ट्यातल्या चिमण्या एकेक करून पडल्या. त्यानंतर नाटके आली, कथा आल्या, चित्रपट आले, प्रबंध आले. दिवाळी अंकांतून आठवणींचा पूर लोटला. या साऱ्या लेखनाला 'हरवलेले गिरणगाव' असे एकच नाव शोभेल. परंतु हरवले ते कोणाचे, हा प्रश्न प्रस्थापित समीक्षेने विचारलेला नाही. आपणही तो विचारलेला नाही, ही गोष्ट मला अधिक गंभीर वाटते.

या आठवणींचे नेपथ्य आता पाठ झाले आहे. पहाटेचा भोंगा, खानावळीचा डबा, भजनी मंडळ, कामगार रंगभूमी, शाहिराची डफावरची थाप, दहीहंडी, गणपती. आणि या सर्वांवर कळस म्हणून एक वाक्य हटकून येते : आमच्या चाळीत जातपात नव्हती, सगळे कामगार. हे वाक्य लिहिणाऱ्याच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. त्याला जात दिसली नाही, कारण ती त्याच्या वाटेत कधी आडवी आली नाही. ज्याच्या आडवी आली त्याला आठवणी लिहायला कोणी सांगितले नाही.

गिरणीतली जात कुठे होती, तर ती धोट्याच्या टोकाला होती. ज्यांनी साचा पाहिलेला नाही अशा विद्यार्थी-वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगतो. साच्यावर उभ्या ताण्यातून आडवा बाणा वाहून नेतो तो धोटा. त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी घालावी लागते आणि तिच्या दोऱ्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढावे लागते. जुन्या धोट्यात हे काम विणकर तोंडाने करी. छिद्राला ओठ लावून श्वास आत ओढला की दोरा बाहेर येई. दिवसभरात असे कितीदा तरी. तोच धोटा दुसऱ्या पाळीचा विणकर तोंडाला लावणार. म्हणजे एकाची लाळ दुसऱ्याच्या ओठाला लागणार. या एका कारणावरून मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्याचे दार बंद होते. त्याने रिंग खात्यात राबावे, झाडावे, ओझी वाहावीत. विणकराची मजुरी रिंग खात्यातल्या कामगाराहून चांगली होती, तेव्हा हा नुसता विटाळाचा प्रश्न नव्हता. विटाळाच्या नावाखाली चांगल्या पगाराच्या जागा राखून ठेवल्या होत्या. राखीव जागांविरुद्ध आज कंठशोष करणाऱ्यांनी हा इतिहास एकदा वाचावा.

अशीच दोरा ओढण्याची रीत लँकेशायरमध्ये होती, अमेरिकेतही होती. तिथेही तिच्यावर आक्षेप आले, पण ते रोगाच्या भीतीचे होते. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये कायदा करून तसला धोटा बंद केला. लाळ एकच, यंत्रही एकच. तिथे यंत्र बदलायचे ठरले, इथे माणूस बाहेर ठेवायचे ठरले. यंत्रयुग आले की जात आपोआप वितळेल असे सांगणाऱ्या आपल्या पुरोगामी मित्रांना एवढा एकच दाखला पुरे आहे. जात यंत्रात शिरली आणि तिने यंत्राचाच नियम करून घेतला.

१९२८ च्या एप्रिल ते ऑक्टोबर या काळात मुंबईतल्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांचा प्रचंड संप झाला. मागण्यांची यादी लांबलचक होती. विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करावे ही मागणी त्या यादीत नव्हती, ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना घालायला लावावी लागली. संपाच्या पुढाऱ्यांनी ती नाइलाजाने मान्य केली. त्यावर मालकांचा पवित्रा असा की, हा अन्याय असेल तर तो काही आम्ही केलेला नाही. मालकांचे हे म्हणणे अर्धे खरे होते, म्हणूनच ते इतके झोंबणारे आहे. साच्यापाशी अस्पृश्याला उभे राहू न देणारा हात मालकाचा नव्हता, शेजारच्या कामगाराचा होता. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्यामागे दहा वर्षांपूर्वीच्या या अनुभवाची धग होती असे मी मानतो. आणि हे सर्व सांगणारा माणूस कोणी परका पाहुणा नव्हता. परळच्या बी.आय.टी. चाळीत त्यांनी वीसएक वर्षे काढली होती. गिरणगावच्या पोटातून जाणाऱ्या हमरस्त्याला आज त्यांचे नाव आहे. गिरणगावाच्या आठवणींत मात्र ते क्वचितच रहिवासी म्हणून येतात. लालबागचा गणपती १९३४ साली बसला हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याच सुमारास बाबासाहेब परळ सोडून दादरला राजगृहात गेले, ही आठवण कोणाच्या लेखात नसते.

माझे आजोबा एका गिरणीत रिंग खात्यात होते. ते लागले तेव्हा स्वातंत्र्य आले होते, घटना आली होती आणि विणकाम खात्यात आपल्यातले काही लोक शिरूही लागले होते. तोंडावर नाही कोणी म्हणत नसे. फक्त बदलीवर लागायला ओळख लागे आणि ओळख गावची असे, म्हणजे जातीचीच असे. तीस वर्षांच्या नोकरीत शेजारच्या खात्याचा आवाज त्यांनी रोज ऐकला. "साचे लई वराडायचे," एवढेच त्यांचे त्या खात्याविषयीचे ज्ञान. १९८२ नंतर आमचे घर उठले आणि मध्य रेल्वेच्या कडेकडेने सरकत ठाण्याला कोपरीत येऊन टेकले. हे मी आमचे दुःख म्हणून सांगत नाही, असली घरे या मार्गावर स्टेशनागणिक आहेत. सांगतो ते एवढ्यासाठी की, या माणसाचा शोध मी मराठी साहित्यात घेतला आणि तो मला सापडला नाही.

मामा वरेरकरांनी १९३० च्या दशकात गिरणी कामगारांवर कादंबरी लिहिली, तिचे नाव 'धावता धोटा'. गिरणीचे प्रतीक म्हणून मराठी लेखकाला जी वस्तू पहिल्यांदा सुचली, ती नेमकी अस्पृश्य कामगाराला हात लावायला मनाई असलेली वस्तू! वरेरकरांचा हेतू चांगला होता याबद्दल वाद नाही. पण रिंग खात्यातल्या माणसाने शीर्षकापाशीच थांबावे, हा योगायोग फार बोलका आहे.

नारायण सुर्व्यांविषयी लिहिताना लेखणी जपून चालवावी लागते. मराठी कवितेत कामगार हा करुणेचा विषय होता, सुर्व्यांनी त्याला बोलता केला. 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) आणि 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहांनी आमच्या आधीच्या पिढीला ताठ मान दिली. ते ऋण मी नाकारत नाही. परंतु सुर्वे रस्त्यावर सापडलेले मूल, गिरणी कामगाराच्या घरात वाढलेले. जन्माची जात ठाऊक नसणे ही त्यांच्या वाट्याला आलेली वेदना होती आणि कवी म्हणून मुक्तीही होती. त्यामुळे 'कामगार' हेच कूळ आणि हेच गोत्र ही भूमिका त्यांच्या मुखात सच्ची वाटते. तीच भूमिका त्यांच्या मागून येणाऱ्यांनी उसनी घेतली तेव्हा ती सोयीची झाली. ज्यांना आपली जात नीट ठाऊक होती, तेही जातीवेगळ्या कामगाराच्या आवाजात बोलू लागले.

जयंत पवारांचे 'अधांतर' (१९९७) हे संपानंतरच्या गिरणगावाचे मराठीतले सर्वांत ताकदीचे नाटक आहे. धुरी कुटुंबाची ती आई, लेखक होऊ पाहणारा एक मुलगा, टोळीच्या नादाला लागलेला दुसरा, यांच्यातून त्यांनी एका वर्गाची पडझड उभी केली. हे नाटक मी वर्गात शिकवतो. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, यांच्या घरी आपल्यातलं कोणी येत-जात होतं का?" पवारांनी कोकणी मराठा घर रंगवले म्हणून त्यांना दोष देणे हा अडाणीपणा ठरेल. लेखकाने आपल्या ओळखीचे घर लिहावे. आक्षेप समीक्षकांवर आहे. धुरींच्या घराला त्यांनी 'संपूर्ण गिरणगावाचे प्रातिनिधिक घर' करून टाकले. पुढे 'लालबाग परळ' (२०१०) हा चित्रपट आला तेव्हा तर हे प्रतिनिधित्व गृहीतच धरले गेले. एका जातिसमूहाची शोकांतिका साऱ्यांची म्हणून खपते आणि दुसऱ्याची मात्र 'दलितांची' म्हणूनच ओळखली जाते. मराठी समीक्षेची ही जुनी खोड आहे.

आता आपल्या घरात डोकावू. दलित साहित्याने तरी या माणसाला जागा दिली काय? माझे उत्तर नकारार्थी आहे आणि ते या नियतकालिकाच्या वाचकांपुढे मांडणे मला आवश्यक वाटते. आपली आत्मकथने गावकुसाबाहेरून निघतात, वसतिगृहात येतात आणि कचेरीच्या किंवा कॉलेजच्या दारात पोचतात. गिरणी त्यात आलीच तर बापाची किंवा चुलत्याची नोकरी म्हणून अर्ध्या ओळीत येते. 'बलुतं' (१९७८) मधला कावाखाना, 'गोलपिठा' (१९७२) मधली कामाठीपुऱ्याची दुनिया, बाबुराव बागुलांच्या 'मरण स्वस्त होत आहे' (१९६९) मधल्या झोपडपट्ट्या ही आपली मुंबई. ही सर्व वस्ती गिरणगावाच्या कडेची आहे. आठ तास यंत्रापाशी उभा राहणारा, युनियनची पावती फाडणारा आणि रविवारी बौद्ध पंचायतीच्या बैठकीला बसणारा माणूस तिच्यात नाही. बागुल याच्या सर्वांत जवळ गेले. 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या त्यांच्या कथेत नायक रेल्वेतला कामगार आहे आणि कामगारांच्या वस्तीत राहण्यासाठी त्याला जात लपवावी लागते. वर्गबंधुत्वाच्या गप्पांना दिलेले इतके सणसणीत उत्तर मराठीत दुसरे नाही. पण ते गिरणीत घडत नाही.

कामगार साहित्याने या माणसाची जात गाळली आणि दलित साहित्याने त्याचे यंत्र गाळले. असे का झाले याचे एक कारण आपल्या चळवळीत आहे. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीच्या बी.डी.डी. चाळींत पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव मारला गेला, वरून टाकलेल्या दगडाने. जिथे जातपात नव्हती म्हणतात त्याच या चाळी. १६० चौरस फुटांच्या खोल्या, सामाईक संडास, सामाईक जिने, आणि तरीही चाळ कोणाची हे इमारतीच्या क्रमांकावरून सांगता येई. त्याच वर्षी पँथरमध्ये मार्क्स की आंबेडकर हा वाद पेटून संघटना फुटली. त्या वादाने रिंग खात्यातला कामगार मधोमध चिरला. एकाने त्याचे पोट घेतले, दुसऱ्याने त्याचे मन. त्याला अखंड पाहणारे कॉ. आर. बी. मोरे यांच्यासारखे महाडच्या सत्याग्रहातून कम्युनिस्ट पक्षात गेलेले लोक दोन्हीकडच्यांना अडचणीचे झाले.

तो माणूस अगदीच मुका मात्र नव्हता. तो छापील साहित्यात नाही, गाण्यात आहे. आंबेडकरी जलसे याच चाळींच्या पटांगणांत उभे राहिले. वामनदादा कर्डक शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत अक्षरे गिरवायला शिकले. समीक्षेने या गाण्यांना प्रचारसाहित्य म्हणून दाराबाहेर ठेवले, आणि आपल्या समीक्षेनेही कवितासंग्रहांकडे जितके लक्ष दिले तितके गाण्यांच्या वह्यांकडे दिले नाही. स्त्रियांच्या बाबतीत उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) मध्ये मुलाखती घेऊन जे केले, तसे काम रिंग खात्यासाठी कोणी केले नाही. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी २००४ मध्ये सुमारे शंभर जणांच्या तोंडून गिरणगावाचा इतिहास नोंदला, ते पुस्तक आपल्या विद्यार्थ्यांनी वाचावेच. पण त्यानंतरची नोंद आपण करायची होती. आता साक्षीदार ऐंशीच्या पुढचे आहेत. ते गिरणगावात थोडे आणि कोपरी, कळवा, डोंबिवली, कल्याण पूर्व, टिटवाळा इथे जास्त आहेत. पंधरवड्याला एक रविवार काढला तर आपल्या महाविद्यालयांतली मुले त्यांच्यापर्यंत पायी पोचतील.

घाई करण्याचे कारण आहे. वरळीच्या नव्या मनोऱ्यांत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांत तीन पिढ्या काढलेल्यांना ते मिळाले याचा आनंदच आहे, आणि चाळ पडली म्हणून गळे काढणाऱ्यांनी सामाईक संडासाच्या रांगेत एक पावसाळा काढून पाहावा. परंतु चाळींबरोबर तिची जातवार मांडणीही पडली, आता तिचा पुरावा फक्त माणसांच्या तोंडी आहे. ठाण्यातसुद्धा रेमंडच्या गिरणीच्या जागेवर निवासी मनोरे उभे आहेत.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या जागेवर महापालिकेने वस्त्रोद्योगाचे संग्रहालय हाती घेतले आहे. तिथे साचा मांडला जाईल आणि साच्याशेजारी धोटाही येईल. त्याच्याखालच्या पाटीवर लाकूड कुठले, लांबी किती, कुठल्या कारखान्यातला, हे लिहिले जाईल. दोरा तोंडाने ओढावा लागे हेही कदाचित लिहितील, बघणाऱ्यांना गंमत वाटते. त्या पाटीवरची पुढची ओळ कोणती असावी हे पाटी लावण्याआधी महापालिकेला लेखी कळवले पाहिजे, आणि ते पत्र रिंग खात्यात राबलेल्यांच्या सह्यांनी गेले पाहिजे.