हत्तीण, मोबाइल आणि आठवी आज्ञा

जुलै २०२५ च्या अखेरीस कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणीच्या जैन मठाची 'महादेवी' ऊर्फ 'माधुरी' ही हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या 'वनतारा' केंद्राकडे रवाना झाली. तीन दशकांहून अधिक काळ ती मठात होती. तिला निरोप देताना गावाचे डोळे पाणावले. ३ ऑगस्टला नांदणीहून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत सुमारे ४५ किलोमीटरची मूक पदयात्रा निघाली. राष्ट्रपतींना धाडावयाच्या अर्जावर दोन लाखांहून अधिक सह्या झाल्या. या सर्वांत आमचे लक्ष वेधले ते मात्र एका निराळ्या कृतीने. 'वनतारा' रिलायन्स समूहाचे आणि 'जिओ'ही त्याच समूहाची, म्हणून अनेकांनी १९०० या क्रमांकावर संदेश पाठवून आपले मोबाइल क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे वळवण्यास प्रारंभ केला.

वाङ्मयाला वाहिलेल्या त्रैमासिकात या विषयाचे काय काम, असे कोणी विचारील. लोकांची कृती हेही एक विधानच असते, आणि विधानाचा अर्थ लावून त्याचे गुणदोष पाहणे हे समीक्षेचे काम आहे, असे आम्ही मानतो.

प्रथम गुण पाहू. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, तेव्हा फुकट इंटरनेटसाठी देशभर रांगा लागल्या होत्या. फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत कोणीतरी, केव्हातरी मोजतोच, हा विचार त्या रांगेत फारसा कोणाच्या मनात आला नसावा. नऊ वर्षांनी नांदणी परिसरातील शेतकऱ्याने, दुकानदाराने, गृहिणीने तो प्रथमच उघडपणे केला. आपण केवळ ग्राहक नाही, आपल्या सोडून जाण्यानेही मोठ्या कंपनीला विचार करावा लागतो, ही जाणीव लहान नव्हे. आपण केवळ न्यायालयाच्या आदेशाचे पालन केले, ही वनताराची भूमिका होती; आणि आदेश हत्तिणीच्या प्रकृतीच्या व देखभालीच्या कारणावरून झाला होता, हेही नमूद केले पाहिजे. तरीही ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात हत्तीण परत आणण्यासाठी राज्य शासन करणार असलेल्या अर्जात सामील होण्याची तयारी वनताराने दाखवली. लोकांच्या रोषाचा यात वाटा नव्हता, असे म्हणणे कठीण आहे.

आता दोष. बहिष्काराची हाक गावोगाव पोहोचली ती प्रामुख्याने व्हॉट्सॲपवरून. व्हॉट्सॲप मेटाच्या, म्हणजे पूर्वीच्या फेसबुक कंपनीच्या, मालकीचे. फेसबुकने २०२० साली ४३,५७४ कोटी रुपये मोजून जिओच्या मूळ कंपनीत जवळजवळ दहा टक्के वाटा घेतला, आणि त्याच वर्षी गूगलनेही ३३,७३७ कोटी रुपये गुंतवले. म्हणजे ज्या घरावर रागावून आम्ही बाहेर पडलो, त्याच घराच्या भागीदाराच्या ओसरीवर बसून आम्ही निषेधाची सभा भरवली! यात लोकांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. या कंपन्यांचे जाळे इतके गुंतलेले आहे की, एक धागा सोडवू जाता दुसरा पायात येतो. पण अविश्वास एकाच नावापुरता राहिला, तर तो विचार न राहता राग होतो, आणि राग ओसरला की माणूस पूर्ववत वागू लागतो.

परंतु याहून गंभीर दोष आम्हांला दिसतो. जून २०२३ मध्ये याच कोल्हापुरात काही तरुणांनी मोबाइलवर ठेवलेल्या आक्षेपार्ह 'स्टेटस'वरून वातावरण तापले. ७ जूनला शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, लाठीमार व अश्रुधूर झाला आणि शासनाला इंटरनेट बंद ठेवावे लागले. मूठभर मुलांच्या हातातील चार बोटांच्या पडद्यावरचा मजकूर, आणि त्याची शिक्षा ज्यांनी तो पाहिलाही नव्हता अशा मुसलमान दुकानदारांना! त्याही आधी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या मोबाइलवरील अफवेतून जमावाने भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. म्हणजे दोष यंत्राच्या रचनेतही होता, हे कंपनीने एका परीने मान्यच केले. पण या दोन्ही वेळी कोणी १९०० वर संदेश पाठवल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

यातून निघणारा निष्कर्ष कटू आहे. कंपनीने आमची हत्तीण नेली असे वाटले, तेव्हा आम्ही तिच्यावर अविश्वास दाखवला. त्याच जातीच्या यंत्राने शेजाऱ्याविषयी काही सांगितले, तेव्हा मात्र आम्ही त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. राजर्षी शाहू महाराजांनी याच नगरीत १९०१ साली जैन विद्यार्थ्यांसाठी आणि १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहाची सोय केली. त्या नगरीने एकाच्या दुःखात सोबत चालावे आणि दुसऱ्याविषयीची कुजबुज मुकाट्याने ऐकावी, हे आम्हांला बोचते.

येथे भाषेचा एक मुद्दा आहे. असा मजकूर पाठवणाऱ्याला विचारले की उत्तर येते, "जसे आले तसे पाठवले." या वाक्यात कर्ता नाही. मजकूर आला, तो गेला. मधल्या माणसाने काही केलेच नाही! कंपन्यांचा युक्तिवादही शब्दशः नाही तरी भावार्थाने हाच असतो: आम्ही केवळ माध्यम आहोत, मजकूर दुसऱ्यांचा. कंपनीने कर्तेपण झटकले की आम्ही संतापतो, आणि आमच्या बोलण्यात तीच पळवाट असते.

ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत अशा वाक्याला जागा नाही. खोटी साक्ष न देण्याची आठवी आज्ञा प्रत्येकाला उद्देशून आहे. १९९२ सालचे धर्मशिक्षण तर आणखी पुढे जाते. पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याचा दोष नुसता मनात खरा मानणे, हाही त्याच्या नावलौकिकावरील अन्याय ठरवते. पोप लिओ चौदावे यांनी मे २०२५ मध्ये आपले नाव तेरावे लिओ व त्यांचे १८९१ चे कामगारविषयक विश्वपत्र यांच्या स्मरणार्थ घेतल्याचे सांगताना कृत्रिम बुद्धिमत्तेचा मुद्दाम उल्लेख केला. त्याच वर्षीच्या जानेवारीत व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजात हे सामर्थ्य मोजक्या बलाढ्य कंपन्यांच्या हाती एकवटत असल्याविषयी चिंता व्यक्त झाली आहे. कंपन्यांना जाब विचारणे हे तेव्हा धर्मकार्याबाहेरचे नाही. २०१५ साली देशातील दहा लाखांहून अधिक ई-मेल दूरसंचार नियामकाकडे गेले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये काही निवडक संकेतस्थळेच फुकट देण्याच्या योजनेला मनाई झाली. तेथे रोष एका नावावर नव्हता. नियम काय असावा, यावर होता. म्हणून तो टिकला.

पण जाब विचारणाऱ्याचे हात स्वच्छ हवेत. मार्च २०२३ मध्ये पांढरा फुगीर कोट घातलेल्या पोप फ्रान्सिस यांचे बनावट चित्र जगभर फिरले. आमच्याही धर्मग्रामाच्या ग्रुपवर ते आले, आणि आम्ही स्वतः ते हसत दोघांना पाठवले. चित्र खोटे असल्याचे कळल्यावर ओशाळलो. पण ज्यांना पाठवले होते त्यांना "ते खोटे होते" असे कळवण्याचे आमच्याकडून राहून गेले. गोष्ट क्षुल्लक खरी. परंतु तो मजकूर एखाद्या शेजाऱ्याच्या चारित्र्याविषयी असता, तरीही आम्ही असेच स्वस्थ बसलो असतो काय? या प्रश्नाचे ठाम उत्तर आम्हांला देता येत नाही.

म्हणून उपवासकाळात किंवा पापनिवेदनापूर्वी आत्मपरीक्षण करताना आपल्या कुटुंबांनी आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा, असे आम्ही सुचवतो: या आठवड्यात मी कोणाविषयी काय पुढे पाठवले, आणि खोटे पाठवले असेल तर ते दुरुस्त केले काय? नांदणीच्या लोकांनी सिमकार्ड बदलून एक धडा दिला. त्यांनी कंपनीला विचारलेला प्रश्न मजकूर पुढे पाठवणाऱ्या आपल्या बोटालाही विचारला गेला, तर त्या धड्याचे चीज होईल.