दार सापडत नाही, दोन गुण वजा

आमच्या गिरगावातल्या चाळीत दिवाळीला किल्ल्यांची स्पर्धा होते आणि परीक्षक म्हणून दरवर्षी माझी नेमणूक होते. माझी पात्रता दोन कलमी आहे. एक, मी रायगड पायी चढलेलो आहे. (उतरताना रोपवेने आलो, हे कोणी विचारत नाही आणि मी सांगत नाही.) दोन, माझ्या घरातलं कोणी किल्ला करत नाही. एवढ्या भांडवलावर माणसाला निःपक्षपाती म्हणतात.

नाटकाची समीक्षा होते, सिनेमाची होते, हल्ली तर मिसळीचीसुद्धा होते. किल्ल्याची कोणी करत नाही. ती उणीव भरून काढावी म्हणतो.

बांधकामाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. विटा रचायच्या, चिखलात भिजवलेलं गोणपाट त्यावर टाकायचं, आळीव पेरायचे. गिरगावात माती मिळत नसल्यामुळे चाळीतल्या कुंड्या त्या आठवड्यात एकाएकी हलक्या होतात. सगळ्या तुळशी उघड्या मुळांनी तो अन्याय सोसतात. खरी गंमत नंतर सुरू होते. रंगात.

पहिला दोष गेरूचा. आमच्या चाळीतले सगळे किल्ले तांबडे. वास्तविक सह्याद्री म्हणजे लाव्हाच्या थरांचा काळा कातळ. दुसरा दोष ऑइलपेंटचा. घरात दरवाजाला लावून उरलेला रंग बुरुजाला फासला, की किल्ला अभ्यंगाला बसल्यासारखा तुळतुळीत दिसतो. उटणं तेवढं लावायचं बाकी. मापाबद्दल मी बोलत नाही. महाराज बुरुजापेक्षा उंच असतात, आणि ते योग्यच आहे. गुहेत न मावणारा वाघही मी खपवून घेतो.

हा उद्योग फक्त पोरांचा, असं समजू नका. एच. जी. वेल्ससारख्या मोठ्या लेखकाने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक लिहिलं. विषय : जमिनीवर शिशाचे सैनिक मांडून लढाई कशी खेळावी. झाडांच्या जागी डहाळ्या, पुठ्ठ्याची घरं, सगळं साग्रसंगीत. आज परदेशात मोठमोठी माणसं टेबलावर अशा लढाया लढतात आणि त्यासाठी बोटभर भिंती, दगड, पिंपं रात्र रात्र बसून रंगवतात. त्यांच्या खेळातली एक गोष्ट मला फार आवडली. तिथला दगड शोभेचा नसतो. सैनिक त्याच्या आड लपला, की त्याला टिपणं अवघड होतं. म्हणजे प्रत्येक दगडाला काम आहे. आडोसा देण्याचं.

हे मी स्पर्धेनंतर वाचलं. हीच तर रड आहे.

परवाच्या दिवाळीत दोन किल्ले अंतिम फेरीत होते. एक दादरहून आणलेला तयार, प्लास्टर ऑफ पॅरिसचा. बुरुजांना चंदेरी कड, आणि मध्यभागी लग्नाच्या हॉलसारखं भव्य दार. दुसरा कोपऱ्यातल्या खोलीतल्या मुलाचा. वडील परळला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतात. पोराने सगळ्या दगडांना आधी काळपट हात दिला. मग राखाडी रंगात ब्रश बुडवून तो फडक्याला पुसला, जवळजवळ कोरडा केला, आणि दगडांच्या उंचवट्यांवरून नुसता फिरवला. खाचेत अंधार राहतो, कंगोऱ्यावर ऊन पडतं. मी कागदावर लिहिलं : ‘रंग मळकट. दार सापडत नाही. दोन गुण वजा.’ पहिलं बक्षीस चंदेरी किल्ल्याला.

दुसऱ्या दिवशी दूध आणायला निघालो, तर तो किल्ल्यावर पाणी शिंपडत होता. रागावला नव्हता. एवढंच म्हणाला, “काका, तुम्ही उभ्याने बघितलात. बसून बघा ना. मावळा बघेल तसं.”

गुडघ्यांची परवानगी घेऊन बसलो. समोर नुसते दोन बुरुज. मान वळवली, आणि त्यांच्या बेचक्यात, वळणाआड, दार. रायगडाचा महादरवाजा असाच आहे. अगदी जवळ जाऊन वळल्याशिवाय दिसत नाही. मी त्या दारातून गेलेला माणूस! पण चढताना मला स्वतःच्या बुटांखेरीज काही दिसलं नव्हतं. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने रायगड, राजगड, प्रतापगडासह १२ किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, ते डोंगराचाच असा उपयोग करून घेतला म्हणून. त्याच गोष्टीचे मी दोन गुण कापले होते.

“शत्रूला सापडलं नाही ना काका? मग बरोबर आहे,” तो म्हणाला. शत्रू म्हणजे मी.

पुढच्या वर्षी चूक सुधारली असती. पण चाळ पाडून टॉवर व्हायचा आहे. दिवाळीआधी खोल्या रिकाम्या करायच्या आहेत. पुढची स्पर्धा कुठे, कोणाच्या अंगणात, काही ठरलेलं नाही. म्हणून ही दुरुस्ती छापून देतो : कोपऱ्यातल्या खोलीच्या किल्ल्याला दोन गुण परत. पहिला क्रमांक त्याचा.

बक्षीस मात्र परत मागता येत नाही. ती रंगांची पेटी होती. जो किल्ला रंगवूनच विकत आणला होता, त्याच्या मालकाकडे ती अजून न उघडता पडून आहे.