पाटीवरचे नाव आणि तोंडातले नाव

पुस्तकांवर टीका करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. रस्त्यांच्या नावांवर कोणी करीत नाही. वास्तविक नाव हीदेखील एक रचनाच असते. कोणी सूचना मांडतो, कोणी अनुमोदन देतो, ठराव होतो, पाटी लागते, फीत कापली जाते. पुढे ती वाचायची असते गावाने. गाव ती वाचते का, हा प्रश्न मात्र सभागृहात कोणी विचारीत नाही. बेळगावातल्या काही नावांपुरता तो इथे विचारावा असे मनात आहे.

सुरुवात १९२४ पासून करू. त्या वर्षी डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचे एकोणचाळिसावे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. त्यासाठी उभारलेल्या नगराला विजयनगर हे नाव दिले होते आणि पाण्यासाठी खोदलेल्या विहिरीला पंपा सरोवर. दोन्ही नावे भारदस्त, दोन्हींमागे इतिहास-पुराणांचे वलय. गावाने काय केले? विहिरीला काँग्रेस विहीर म्हटले आणि तिथल्या रस्त्याला काँग्रेस रोड. अलंकार गळून पडला, घडलेली गोष्ट तेवढी राहिली.

जुन्या गावात शिरले की हीच रीत दिसते. काकतीवेस, बोगारवेस, शनिवार खूट, गोंधळी गल्ली, टेंगिनकेरा गल्ली. बोगार म्हणजे कन्नडात कासार. टेंगिनकेरे म्हणजे नारळीचे तळे. त्यांना वेस आणि गल्ली कधी जोडली गेली, कोणी ठराव केला, कोणी विरोध केला, याची नोंद नाही, कारण तसे काही झालेच नसावे. भांडी घ्यायला जाणाऱ्याने आणि पाणी भरायला जाणारीने ती नावे घडविली. आपण मराठी माणसे रोज अर्धे कन्नड बोलत या गल्ल्यांतून हिंडतो आणि ते आपल्या ध्यानातही येत नाही.

ठरावाने दिलेली सगळीच नावे वाया जातात असे मात्र नाही. शहापुरात नाथ पै सर्कल सगळ्यांच्या तोंडी आहे. बॅरिस्टर नाथ पै या गावात शिकले. १७ जानेवारी १९७१ ला हुतात्मा दिनी इथेच बोलले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे इथेच गेले. किर्लोस्कर रोडचेही तसेच. किर्लोस्कर बंधूंनी सायकलींच्या दुकानापासून या गावात उद्योग सुरू केला आणि इथली जागा सोडावी लागल्यावर १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. ज्याचे पाय त्या मातीला लागले आहेत, त्याचे नाव गाव सहज घेते. नामकरणाच्या परीक्षणात मी हाच पहिला निकष मानीन.

या निकषावर मीही नापास आहे. तरुणपणी आमच्या चौकाला एका थोर पुरुषाचे नाव द्यावे म्हणून मी दारोदार सह्या गोळा करीत फिरलो. दुसऱ्या भाषेच्या मंडळींनी त्यांच्या थोर पुरुषाचे नाव पुढे केले होते, एवढेच त्यामागचे कारण. आमची सरशी झाली, पेढे वाटले. त्या पुरुषाचा आमच्या चौकाशी संबंध काय, हे आम्ही विचारले नाही, त्यांनीही नाही. आज पाहुण्यांना पत्ता सांगताना मी स्वतः 'पिठाच्या गिरणीजवळ' असे सांगतो. गिरणी बंद होऊनही बरीच वर्षे झाली.

१ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावचे बेळगावी झाले. एकूण बारा शहरांची नावे त्या दिवशी बदलली. आपल्याला ते लागले, आणि लागणे स्वाभाविकच होते. कन्नड शेजारी बेळगावी म्हणतात ते पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले आहेत. त्यांच्या उच्चाराशी आपले भांडण नाही. आपल्या तोंडातल्या नावाला कागदावर जागा उरली नाही, हे दुःख आहे. पण मग आपणही तोच न्याय पाळायला हवा. बोगारवेशीतल्या चौकाला आता धर्मवीर संभाजी चौक असे नाव आहे. संभाजीराजांविषयी आदर कोणाला नाही? तरीही त्या नावाबरोबर बोगारवेसही पाटीवर असावी, असा आग्रह आपल्यापैकी किती जणांनी धरला? कासारांची आठवण पुसली जाते तेव्हा ती कन्नड म्हणून पुसली जात नाही. ती आपल्या गावची म्हणून जाते.

नव्या वसाहतींत तर हा प्रश्नच उरलेला नाही. तिथे पहिला क्रॉस, दुसरा क्रॉस. भांडण नाही, आठवणही नाही. नावावरून भांडावे लागू नये म्हणून नावच न ठेवणे, हा काही तोडगा नव्हे.

माझी मागणी मोठी नाही. नामकरणाचा ठराव येईल तेव्हा त्या व्यक्तीचा त्या जागेशी असलेला संबंध दोन ओळींत लिहिलेला असावा. त्या दोन ओळी पाटीखाली मराठीत आणि कन्नडात असाव्यात, आणि जुने नाव कंसात का होईना, राहावे. ज्यांना दोन ओळी लिहिता येणार नाहीत, त्यांनी ठराव मागे घ्यावा. आणि आपण वाचकांनी आपापल्या गल्लीचे जुने नाव घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून या दिवाळीत वहीत उतरवून ठेवावे. त्यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज नाही.