यंत्राने भरलेले रंग आणि इतिहासाचा पुरावा

कृष्णधवल छायाचित्रांत संगणकाकरवी आपोआप रंग भरण्याच्या पद्धतींमध्ये रिचर्ड झांग, फिलिप इसोला आणि अलेक्सेई एफ्रोस यांचा २०१६ सालचा शोधनिबंध महत्त्वाचा आहे. अशी चित्रे इतिहासाच्या अध्यापनात वापरायची असतील, तर या पद्धतीचे गुण आणि मर्यादा दोन्ही तपासणे आवश्यक ठरते.

पद्धतीचे सूत्र सोपे आहे. रंगीत छायाचित्रातील उजेडाची मात्रा यंत्राला दिली जाते आणि रंग ओळखण्यास सांगितले जाते. उत्तर मूळ चित्रातच असल्यामुळे माणसाने खुणा करण्याची गरज राहत नाही. सुमारे १३ लाख चित्रांवर हा सराव झाला. आधीच्या पद्धतींत शक्य रंगांची सरासरी निघून चित्र मातकट होत असे. सफरचंद लाल असते किंवा हिरवे, दोहोंच्या मधले नसते. यावर उपाय म्हणून संशोधकांनी रंगांचे ३१३ गट पाडून प्रत्येकाची शक्यता काढली व विरळ रंगांना अधिक वजन दिले. हे या निबंधाचे खरे यश होय.

परंतु यशाची कसोटी कोणती? खरे आणि यंत्राने रंगवलेले चित्र ओळखताना निरीक्षक ३२ टक्के वेळा फसले. म्हणजे रंग पटण्याजोगा आहे का, एवढेच येथे तपासले गेले. संशोधकांनीही याहून अधिक दावा केलेला नाही. अडचण पुढे येते. यंत्र अनेक शक्यता मोजते, पण पाहणाऱ्याला एकच रंग दिसतो. उरलेली शंका पुसली जाते. शिवाय जुन्या काचपट्ट्यांपैकी अनेकींना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे लाल वस्त्र काळपट उमटे. आधुनिक चित्रांवर शिकलेल्या यंत्राला हा फरक ठाऊक नसतो.

याची पडताळणी वर्गातही करता येईल. प्रोकुदिन-गोर्स्की यांनी १९११ साली बुखाऱ्याचे अमीर सय्यद आलिम खान यांचे छायाचित्र तीन रंगांच्या गाळण्यांतून टिपले. त्यातील निळा झगा ही रंगाची प्रत्यक्ष नोंद आहे. या चित्राचा रंग काढून ते यंत्राला द्यावे आणि उत्तर मूळ चित्राशी ताडून पाहावे.

यंत्राने रंगवलेले चित्र विद्यार्थ्याचे कुतूहल जागवू शकते. मात्र पोशाख, ध्वज वा वर्ण यांविषयीचा पुरावा म्हणून ते स्वीकारता येणार नाही. वर्गात ते मूळ कृष्णधवल चित्रासोबत आणि रंग अनुमानाने भरल्याची स्पष्ट नोंद करूनच दाखवावे.