फ्रान्सचं नाव न घेणारी गाणी

जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या आणि फ्रेंच गीतकारांपुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. मायभूमी, त्याग, नवी पहाट हे सगळे शब्द जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या व्हिशी सरकारने लगेच बळकावले. १९४१ चं ‘मारेशाल, नू व्हॉला’ हे गाणं शाळाशाळांतून मुलांकडून घोकून घेतलं गेलं. त्यात फ्रान्स आहे, तारणहार आहे, पुन्हा उभा राहणारा देश आहे. स्फूर्तिगीताला लागणारं सगळं सामान आहे. फक्त तारणहार म्हणजे शत्रूशी हातमिळवणी केलेले, याच सरकारचे प्रमुख मार्शल पेतां! गाण्याची चाल काझिमिर ओबेरफेल्ड या ज्यू संगीतकाराच्या जुन्या चालीवरून उचलल्याचं सांगतात. ओबेरफेल्डला पुढे आउश्वित्झला पाठवलं गेलं आणि १९४५ मध्ये त्याचा अंत झाला.

राष्ट्रगीतही दोन्हीकडे ओढलं गेलं. जर्मनांच्या ताब्यातल्या भागात ‘ला मार्सेयेज’वर बंदी होती, व्हिशीच्या समारंभांत मात्र ते गायलं जाई. आणि २२ ऑक्टोबर १९४१ रोजी शातोब्रियांजवळच्या खाणीत जर्मनांनी गोळ्या घालण्यासाठी नेलेल्या २७ ओलिसांनी ट्रकमध्ये हेच गीत म्हटलं.

अशा वेळी चांगल्या गीतकाराने काय करावं? ‘शाँ दे पार्तिझाँ’ या गाण्याचं उत्तर मला आजही धाडसी वाटतं. चाल आना मार्ली या रशियात जन्मलेल्या गायिकेची. फ्रेंच शब्द जोझेफ केसेल आणि त्यांचा पुतण्या मोरिस द्रुओं यांचे, मे १९४३ मधले. आपल्या समरगीतांत देशाचं नाव, झेंडा आणि पूर्वजांचा पराक्रम हमखास येतो. त्या सवयीने ऐकायला बसलं तर हे गाणं उघडंबोडकं वाटेल. त्यात फ्रान्सचं नाव नाही, जर्मनांचंही नाही. आहेत ते कावळे, खाणकामगार, शेतकरी, सुरे, सुरुंग आणि ‘मित्रा’ अशी हाक. बीबीसीवरून फ्रान्ससाठी होणाऱ्या एका कार्यक्रमाची ही ओळखधून शिळेवर वाजे, कारण जर्मनांनी प्रक्षेपणात मिसळलेल्या खरखरीतूनही शीळ कानावर पडे.

एक गोष्ट मात्र खटकते. हे गाणं लिहिलं गेलं ते लंडनजवळच्या एका हॉटेलात. सुरे चालवायला सांगणारे सुरक्षित आणि ऐकणारे गेस्टापोच्या तोंडी, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. काका-पुतणे पिरेनीज ओलांडून निसटले होते, हे मान्य करूनही गाण्यातला हुकमी सूर मला थोडा चढा लागतो. म्हणूनच त्याच वर्षी आना मार्लींनीच चाल दिलेलं ‘ला कॉंप्लँत द्यु पार्तिझाँ’ मला अधिक सरस वाटतं. शब्द एमान्युएल दास्तिए या भूमिगत पुढाऱ्याचे. इथे ललकारी नाही; नाव बदलत, घरदार गमावत, आसऱ्याआसऱ्याने पळणारा एक माणूस हिशेब सांगावा तसा बोलतो. लेनर्ड कोहेनने १९६९ मध्ये इंग्रजीत गायल्यावर ते जगभर पोहोचलं. फ्रान्सच्या सरकारी सोहळ्यांत मान मिळाला तो पहिल्याला. सोहळ्यांना ललकारीच लागते, त्याला इलाज नाही.

देशात राहून लिहिणाऱ्यांपैकी शार्ल त्रेनेच्या ‘दूस फ्रान्स’चं (१९४३) नाव नेहमी घेतलं जातं. बालपण, शाळा, गाव यांची ती गोड आठवण. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत असतील, पण ते गाणं कुणाचीच झोप उडवत नाही. त्याला प्रतिकाराचं गीत म्हणणं ही नंतरची मेहेरबानी.

खरी कमाल झाली ती छावणीत. मानववंशशास्त्रज्ञ जेर्मेन तियों यांनी १९४४ मध्ये राव्हेन्सब्रूकच्या छळछावणीत, खोक्यात लपून, एक संगीतिका लिहिली. चाली उसन्या, ऑपेरेटातल्या नि जाहिरातींतल्याही. शब्द कैदी बायकांच्या भुकेवर, खरजेवर, मरणावर विनोद करणारे. देशाची आरती नाही, शत्रूला शापही नाहीत. तरी माणसाने माणूस म्हणून उभं राहायचा हट्ट इतका कुठल्याच लंडनी गाण्यात दिसत नाही. या साऱ्या वाङ्मयात मी तिला पहिली जागा देईन. रंगमंचावर मात्र ती सर्वांत उशिरा आली: जून २००७ मध्ये, पॅरिसच्या शातले नाट्यगृहात, लेखिकेला शंभर वर्षं पूर्ण झाल्यावर.